मंग मारलं कोनं?

गोष्टीत खून दाखवला की खुनी कोण हे सांगावं लागते, आणि ज्या सीझनमध्ये खून दाखवला त्याच सीझनमध्ये सांगावं लागते, एवढं साधं म्हणणं आहे माझं. पुढच्या सीझनमध्ये बघू हे काही उत्तर झालं नाही. पण या टाळाटाळीची आपल्याला आता इतकी सवय होऊन गेली की कोणी चिडलाच तर उलट त्यालाच सुनावतात, भाऊ तुला समजलं नाही, ओपन एंडिंग होतं ते, तू आपला सीआयडी पाहत जा.

तर पाहतो आम्ही सीआयडी, त्यात लाज कायची. १९९८ पासून वीस वर्षं लोकांनी पाहिलं ते, दयाने दार तोडलं की समजायचं आता दहा मिनिटांत निकाल लागते. काम बालिश होतं, अभिनय कसाही होता, लॅबमध्ये रंगीत पाण्याच्या बाटल्या होत्या, सगळं मान्य. पण हिशोब चोख होता.

माझा राग आहे तो 'द किलिंग' नावाच्या अमेरिकन सिरीजवर. २०११ ची आहे, तिकडे एएमसी चॅनेलवर आली होती. आमच्या पूर्व विदर्भातल्या लाखांदूर-वडसा पट्ट्यात तेव्हा ती कोणाला माहीत असायचं कारणच नाही, इथे फोनवर सिरीज पाहणं सुरू झालं ते डेटा स्वस्त झाल्यावर, २०१६ नंतर. आम्ही पाहिली ती बरीच उशिरा, रोवणी आटोपल्यावर थोडी उसंत मिळते तेव्हा, पुतण्याने तालुक्याहून फोनमध्ये भरून आणली कारण गावात रेंज म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी दोन काड्या आणि त्या पण लाइन असेपर्यंत. फोन टीव्हीला जोडला, अर्धं घर बसलं. इंग्रजी बोललेलं आम्हाला धावतं समजत नाही, पुतण्या मधामधात थांबवून सांगायचा, त्यामुळे एकेक भाग दीड-दीड तास चालायचा.

सिरीज चांगली आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर राग कशाचा हेच समजणार नाही. सिएटल शहर, सदा पाऊस, रोझी लार्सन नावाची शाळेतली पोरगी बेपत्ता होते आणि तलावात बुडालेल्या एका गाडीच्या डिक्कीत सापडते, गाडी निघते महापौराच्या निवडणुकीतल्या एका उमेदवाराच्या प्रचारातली. तपास करायला सारा लिंडन ही पोलीस बाई आणि तिच्यासोबत होल्डर नावाचा नवा पोरगा, वाळलेला, सिगारेटवर जगणारा. एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. पहिल्याच भागात रोझीचा बाप स्टॅन त्या तलावाच्या काठी पोहोचतो, पोलीस त्याला पुढे जाऊ देत नाहीत, आणि तो पोरीचं नाव घेऊन जो टाहो फोडतो तो तिची आई घरून फोनवर ऐकत असते, फोन चालूच राहिलेला असतो. आईला कोणी काही सांगत नाही, सांगायची गरजच राहत नाही. वहिनी समोर बसून बरबटीच्या शेंगा मोडत होती, तिचा हात तिथेच थांबला. असं काम मी क्राइमच्या सिरीजमध्ये फार कमी पाहिलं, मेलेल्या पोरीच्या घरच्यांना इतका वेळ कोणी देतच नाही, बाकीच्या ठिकाणी आईबाप पहिल्या भागात रडतात आणि मग गायब.

आणि या सगळ्याच्या जोरावर, म्हणजे त्या आईबापाच्या दुःखाच्या जोरावर, तेरा भाग आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला. अमेरिकेत तर सिरीजची जाहिरातच त्या प्रश्नावर होती, रोझी लार्सनला कोणी मारलं. पोस्टरवर तेच. मग माणूस काय समजणार? की तेरा भाग झाले की सांगतील.

१९ जून २०११ ला तो तेरावा भाग तिकडे लागला. त्यात होते काय, तर तो उमेदवार रिचमंड पकडला जातो, पुरावा म्हणजे एक फोटो, त्याच रात्री टोलच्या पुलावर तो ती गाडी चालवत असल्याचा. झालं, केस संपली, लिंडन आपल्या पोराला घेऊन शहर सोडून निघते, विमानात बसते पण. तेवढ्यात फोन येतो की त्या पुलावरचे कॅमेरे तर बंद होते. म्हणजे फोटो बनावट. इकडे होल्डर कोणाच्या तरी गाडीत जाऊन बसतो आणि फोटो चालला, आता तो अडकला असं सांगतो, म्हणजे होल्डरच लबाड. तिकडे रिचमंडला पोलीस नेत आहेत आणि रोझीच्या घरचा जवळचा माणूस बेल्को गर्दीतून पिस्तूल घेऊन पुढे येतो. अन् संपलं. पडदा काळा, नावं सुरू.

आमच्या घरी दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग आबाजींनी विचारलं, "मंग मारलं कोनं पोरीले?"

पुतण्या म्हणाला, "पुढच्या सीझनमध्ये सांगतीन म्हंते आबाजी."

"मंग आतापर्यंत काय करून रायले होते?"

याच्यापेक्षा चांगली समीक्षा मी तरी कुठे वाचली नाही. तिकडे अमेरिकेतही हेच झालं, मोठमोठ्या पेपरांतल्या टीव्हीवर लिहिणाऱ्यांनी सिरीजची सालटं काढली, कित्येकांनी जाहीर सांगितलं की आता परत पाहणार नाही. सिरीज करणाऱ्या वीणा सूद यांची बाजू अशी होती की पहिल्या सीझनमध्येच खुनी सांगू असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल ते. पण पोस्टरवर तोच प्रश्न छापायचा, तेरा भाग तोच प्रश्न विकायचा आणि मग म्हणायचं आम्ही कुठे शब्द दिला होता, हे म्हणजे बियाण्याच्या पाकिटावर भरगच्च लोंबीचा फोटो आणि मागे बारीक अक्षरात उगवणशक्तीची हमी नाही. नंतर चॅनेलच्या लोकांनी पण कबूल केलं की प्रेक्षकांच्या अपेक्षा आपण नीट हाताळल्या नाहीत. लोकांनी काय केलं ते आकड्यात दिसते, पहिल्या सीझनचा पहिला भाग तिकडे साधारण २७ लाख लोकांनी पाहिला होता, दुसऱ्या सीझनचा पहिला भाग साधारण १८ लाखांनी.

होल्डरचं तर अजूनच गमतीचं आहे. दुसऱ्या सीझनमध्ये समजते की तो लबाड नव्हताच, त्याच्या विश्वासातल्या माणसानेच त्याला फसवलं होतं. म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांतल्या ज्या धक्क्याने तुम्ही तोंडात बोटं घातली त्या धक्क्याची गोष्टीला गरजच नव्हती, तो तुम्हाला वर्षभर लटकवून ठेवायला होता. याला ट्विस्ट म्हणू नये, याला फसवणूक म्हणावं. ट्विस्ट असा असतो की मागे जाऊन परत पाहिलं तर सगळं आधीपासून तिथेच होतं असं दिसते, इथे मागे जाऊन पाहिलं तर काहीच नाही, उलट आधीचा होल्डर आणि शेवटचा होल्डर जुळतच नाहीत.

खुनी शेवटी सांगितला, नाही असं नाही. २०१२ च्या जूनमध्ये, एकूण सव्वीस भागांनंतर. आणि पुढच्याच महिन्यात चॅनेलने सिरीज बंद केली, मग परत सुरू केली, तिसऱ्या सीझनमध्ये मात्र शहाण्यासारखं त्या सीझनचा खुनी त्याच सीझनमध्ये दिला, मग परत बंद केली, शेवटचे सहा भाग २०१४ मध्ये नेटफ्लिक्सवर आले.

आता यात एक गोष्ट लोक विसरतात, की ही सिरीज मुळात डेन्मार्कची. तिकडे 'फॉरब्रिडेल्सन' नावाने २००७ मध्ये आली, वीस भाग, आणि ते वीस भागही तिकडच्या चॅनेलने सलग दाखवले नाहीत, दहा भाग झाल्यावर काही महिने थांबले. म्हणजे डॅनिश लोकांनी पण वाट पाहिली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विसावा भाग लागला आणि त्यात खुनी सापडला. म्हणून कोणी मला म्हटलं की तुम्हा लोकांना धीर नाही, सगळं लगेच पाहिजे, तर ते खोटं आहे. धीर आम्हाला भरपूर आहे. धान पेरल्यापासून खरेदी केंद्रावर मोजून पैसे खात्यात येईपर्यंत जो धीर लागतो तो ज्याच्याजवळ आहे त्याला तेरा भागांचा धीर कोणी शिकवू नये.

आबाजींचा राग कुठून आला ते मला माहीत आहे, तो झाडीपट्टीतून आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा आमचा झाडीचा मुलूख, दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि शंकरपट असला की रात्री नाटक हे ठरलेलं. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, तारीख घेते, ॲडव्हान्स देते, तिकिटं खपवून पैसा उभा करते. या रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या लोकांना एक दिवस झाडीपट्टी आठवली होती, असो.

नाटक दहाला म्हटलं की अकराला उभं राहते आणि पहाटेपर्यंत चालते. मधात गाणं, मधात लावणी, मधात कॉमेडीवाला येऊन अर्धा तास हसवून जातो, पोरं समोर सतरंजीवर आडवी झालेली, बाया ब्लँकेट गुंडाळून, मंडपाच्या मागे भज्याची कढई रात्रभर चुलीवर, आणि थंडी अशी की चहाचा ग्लास पिण्यापेक्षा हातात धरायलाच घ्यायचा. खलनायक मधल्या अंकात कितीही माजू द्या, पाटलाच्या पोरीवर नजर ठेवू द्या, सख्ख्या भावाचा खून करू द्या, उजाडायच्या आत त्याचा निकाल लागतो. लावावाच लागतो. लोक इथून उठून घरी जात नाहीत, सरळ धानाच्या बांधीत जातात किंवा जनावरं सोडतात, त्यांना अर्धवट पाठवून चालत नाही. एखाद्या कंपनीने पहाटे पाच वाजता माईकवरून सांगून पाहावं की मायबापहो, खुनी कोण ते पुढच्या मंडईला, तिकीट वेगळं. त्या कंपनीची गाडी गावाबाहेर कशी पडते ते पाहू, आणि पडली तरी त्या गावाची तारीख तिला परत मिळत नाही, आजूबाजूच्या दहा गावांत पण बोंब होते.

झाडीपट्टीची नाटकं सगळी चांगली असतात असं मी म्हणत नाही. कित्येक भडक असतात, एकाच साच्यातली असतात, शेवट कधी कधी इतका घाईचा असतो की इन्स्पेक्टर कुठून आला हे कोणाला समजत नाही. पण प्रेक्षक समोर बसलेला आहे याचा धाक त्या माणसाला आहे. सिरीजवाल्यांना तो धाक नाही. प्लॅटफॉर्मला काय दिसते, किती जणांनी सिरीज लावली आणि किती जण शेवटपर्यंत गेले. शेवटी जाऊन किती जणांनी कपाळावर हात मारला हे त्या आकड्यात येत नाही. उलट ज्याने चिडून तेरावा भाग पूर्ण पाहिला तो पण त्यांच्या लेखी समाधानी गिऱ्हाईकच.

आणि धंदा कसा चालतो ते पण पाहायला पाहिजे, सगळा दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारून होत नाही. बहुतेक ठिकाणी एका वेळी एकाच सीझनचे पैसे मंजूर होतात, पुढचा द्यायचा की नाही ते आकडे पाहून ठरते. म्हणजे लिहिणारा लिहितो तेव्हा त्यालाच माहीत नसते की आपली गोष्ट तेरा भागांची आहे की एकोणचाळीस भागांची. मग तो काय करतो, खुनी खिशात ठेवतो. शेवटचा भाग म्हणजे गोष्टीचा शेवट राहतच नाही, तो पुढच्या सीझनच्या मंजुरीचा अर्ज होतो. मालकाला दाखवायचं की पाहा, लोक अडकले आहेत, आता पैसे द्या.

पण मला सगळ्यात जास्त जे खटकते ते वेगळंच आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. खुनाच्या गोष्टीचा शेवट फक्त खुनी पकडायला नसतो. बाकी जे आठ-दहा लोक तुम्ही संशयित म्हणून उभे केले त्यांना मोकळं करायलाही असतो. 'द किलिंग'मध्ये रोझीचा एक शिक्षक आहे, बेनेट अहमद. कितीतरी भाग सिरीज आपल्याला त्याच्यावर संशय घ्यायला लावते, त्याचं नाव, त्याचा धर्म, त्याची गरोदर बायको काय लपवते, सगळं असं दाखवते की आपण पण मनात त्याला फाशी देऊन टाकतो. स्टॅन त्याला गाडीत घालून नेतो आणि मरेस्तोवर मारतो. आणि तो निर्दोष असतो. बरं, मग? मग गोष्ट पुढच्या संशयिताकडे निघून जाते, मास्तर दवाखान्यात. मग वेश्यांच्या वेबसाइटवरून रिचमंड संशयित, तो पण शेवटी बनावट फोटोत अडकवलेला. एका मागून एक माणूस उचलायचा, त्याच्या तोंडाला काळं फासायचं, चार भाग वापरायचा आणि टाकून द्यायचा, आणि शेवटी ज्याने खरंच केलं त्याचं नाव सांगायच्या वेळी हात वर. तो माणूस सापडल्याशिवाय बाकीच्यांवरचा डाग धुतला जात नाही हे लिहिणाऱ्याला समजत नसेल असं नाही.

हे मला इतकं का लागते, कारण हे आम्ही गावात उघड्या डोळ्यांनी पाहतो. विदर्भात कुठेही चोरी झाली, घरफोडी झाली, शेतातली मोटर गेली, की सगळ्यांच्या नजरा आधी फासेपारध्यांच्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे वळतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये त्या यादीतून त्यांना मोकळं केलं, विमुक्त म्हटलं, पण गावाच्या डोक्यातून कुठे काढलं. दोन पोरं उचलतात, चार दिवसांनी सोडतात. मोटर कोणी नेली हे पुढे कधी समजलंच तर ते पेपरातही येत नाही आणि पारावर पण कोणी बोलत नाही, कारण कित्येकदा ते आपल्यातलंच कोणीतरी निघते. मग त्या दोन पोरांवरचा संशय तसाच राहते, पुढच्या चोरीपर्यंत. खुनी कोण हे न सांगता गोष्ट सोडली की नेमकं हेच होते. ज्याने केलं तो मजेत आणि ज्याने केलं नाही त्याच्यावर पंचवीस नजरा.

याच्यावर शहाणे लोक म्हणतात की खऱ्या आयुष्यात तरी कुठे सगळ्या केसेस सुटतात, सिरीजने वास्तव दाखवलं तर तुम्हाला चालत नाही. चालते की. कोरियाचा 'मेमरीज ऑफ मर्डर' नावाचा २००३ चा सिनेमा आहे, तिकडच्या ह्वासंग भागात १९८६ ते १९९१ मध्ये बायांचे खून झाले त्याच्यावरचा. सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता, सिनेमातही सापडत नाही. पण पाहणाऱ्याला कुठेही फसवल्यासारखं वाटत नाही, कारण गोष्टच मुळी न सापडण्याची आहे, पोलिसांचा गाढवपणा, मारून घेतलेले खोटे जबाब, आणि त्यात तपास करणारा माणूस कसा खचत जातो त्याची आहे. तिथे जे दाखवायचं होतं ते पूर्ण दाखवलं. खरा खुनी पुढे २०१९ मध्ये डीएनएवरून समजला, आधीच दुसऱ्या खुनासाठी जेलमध्ये होता. तर न सुटलेली केस आणि दाबून ठेवलेला खुनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या ठिकाणी लिहिणाऱ्यालाही माहीत नाही, दुसऱ्या ठिकाणी त्याला माहीत आहे आणि तो विकायला बसला आहे.

दुसरं एक उदाहरण हमखास फेकतात ते 'ट्विन पीक्स'चं. १९९० ची अमेरिकन सिरीज, लॉरा पामर नावाच्या पोरीचा खून, पहिल्या सीझनमध्ये खुनी सांगितला नाही, दुसऱ्या सीझनच्या मधातच चॅनेलच्या दबावाने सांगावा लागला आणि मग प्रेक्षक पळाले, १९९१ मध्ये बंद. म्हणून म्हणे खुनी सांगितला की दुकान बंद. अरे पण खुनी सांगितल्यावर पुढे दाखवायला काही तयारच नव्हतं तर लोक थांबतील कशाला. इंग्लंडची 'ब्रॉडचर्च' पाहा, २०१३ मध्ये आली, आठ भाग, आठव्या भागात खुनी कोण ते सांगितलं आणि असं सांगितलं की पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडला, तरी पुढे अजून दोन सीझन चालली. लोक परत आले ते त्या माणसांसाठी. आणि न सांगून 'द किलिंग'ने काय कमावलं ते वर लिहिलंच आहे.

आपल्या मराठी माणसाला तर हे नवीन पण नाही. बाबुराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, काळापहाड, एसटीच्या स्टँडवर घ्यायच्या आणि उतरायच्या आत संपवायच्या. झुंजार परत परत यायचा, वाचणारे परत परत घ्यायचे, पण प्रत्येक पुस्तकाचा गुन्हेगार त्याच पुस्तकात सापडायचा. नायक उधार ठेवा की, कोण नाही म्हणते. गुन्हेगार उधार ठेवू नका.

आता आपल्याकडचं पण बोलतो, नाहीतर म्हणाल हे अमेरिकेलाच शिव्या देत बसले. 'सेक्रेड गेम्स'. नेटफ्लिक्सची हिंदी सिरीज, २०१८ मध्ये पहिला सीझन, गँगस्टर गायतोंडे पोलीसवाल्या सरताजला सांगून जातो की पंचवीस दिवस आहेत, शहर वाचवून घे. तेव्हा आमच्या पानठेल्यावर पण गायतोंडेने नाव घेतलेला त्रिवेदी कोण याच्यावर पैजा लागायच्या. १५ ऑगस्ट २०१९ ला दुसरा सीझन, शेवटच्या भागात बॉम्ब समोर, सरताज तो बंद करायचा शेवटचा पॅटर्न मारतो, आणि पडदा. बॉम्ब फुटला का नाही फुटला ते सांगितलंच नाही. तिसरा सीझन आला नाही. मूळ कादंबरी २००६ ची आहे, त्यात शहर वाचते, म्हणजे उत्तर कागदावर तयार होतं आणि तरी दिलं नाही. मुंबईवर अणुबॉम्ब टाकायचा की नाही हा काही सूचक ठेवायचा प्रश्न आहे का राजेहो.

टीव्हीवर 'देवमाणूस'. ते तर आमच्याकडे घराघरात चालायचं, लाइन गेली की बाया शेजारच्या इन्व्हर्टरवाल्या घरी जायच्या. बोगस डॉक्टर, बायांना फसवून मारतो, सगळ्यांना माहीत आहे, आता याला शिक्षा कधी होते एवढंच पाहायचं. ऑगस्ट २०२१ ला संपलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दुसरा भाग सुरू, तोच माणूस परत हजर. आमची वहिनी म्हणाली की याला शिक्षा झाली तर याचं पोट भरत नाही, चॅनेलचं पण भरत नाही. इथे खुनी लपवला नव्हता, शिक्षा लपवली होती. पण प्रकार तोच.

बरं, लोकांनी यावर उपाय काढला आहे तो असा की सगळे सीझन येऊन संपेपर्यंत सिरीजला हातच लावायचा नाही. मीही आता तेच करतो. पण याने वेगळाच घोळ होते. सुरुवातीच्या दिवसांत आकडे पडले की प्लॅटफॉर्म म्हणते लोकांना आवडली नाही, बंद करा. म्हणजे अर्धवट राहील म्हणून आम्ही थांबलो आणि आम्ही थांबलो म्हणून ती अर्धवट राहिली. ज्यांनी भरवशाने आधी पाहिली ते बसले लटकून. यात प्रेक्षकाची चूक आहे असं मला वाटत नाही, एकदा-दोनदा तोंड पोळलेला माणूस फुंकून पिणारच.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. शेवट कसा करावा हे मी कोणाला सांगत नाही, खुल्या शेवटावर बंदी घाला असंही म्हणत नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे ओटीटीवाल्यांना प्रत्येक सिरीजवर वयाची पाटी लावावी लागते, यू/ए १३ प्लस, १६ प्लस, ए, आणि त्यात शिव्या आहेत, मारामारी आहे, नशा आहे हेही लिहावं लागते. त्याच पाटीत अजून एक ओळ टाका. गोष्ट या सीझनमध्ये पूर्ण होते, किंवा होत नाही. बस. मासिकात कादंबरी अर्धवट छापली की खाली क्रमशः लिहायची आपल्याकडे रीत होती, दूरदर्शनवर पण भाग संपला की ते यायचं, वाचणाऱ्याला पाहणाऱ्याला माहीत असायचं की आपण कशात शिरतो आहोत. आता सहा-आठ तासांची सिरीज पूर्ण म्हणून लावतात आणि क्रमशः शेवटच्या सेकंदाला काढतात.

कोणी म्हणेल याने सस्पेन्स जातो. कसा जातो? खुनी सापडेल एवढंच सांगितलं, कोण ते कुठे सांगितलं. सीआयडीमध्ये खुनी सापडणार हे पहिल्या मिनिटापासून माहीत होतं, तरी लोक जेवण थांबवून पाहायचे. आणि ज्याची गोष्ट खरंच दोन सीझनची आहे त्याने निदान प्रामाणिकपणे तसं लिहावं, ज्याला पाहायची तो पाहील, आमच्यासारखा थांबेल. मग दुसरा सीझन मंजूरच झाला नाही तर काय, असं विचाराल तर ते कंपनीने पहिल्या सीझनच्या आधी ठरवावं, पैसे दोन्हीचे बाजूला काढून मगच खून दाखवावा. वयाची पाटी लावा म्हटलं तेव्हाही आमच्या कलेचं कसं होईल म्हणून ओरड झालीच होती, आता ती पाटी रोज दिसते, डाव्या कोपऱ्यात वर, पाच सेकंद, तिच्या खाली अजून एका ओळीला जागा आहे.